बिबड्यांचं वाळवण आणि विमान

सुरतेतल्या आमच्या बमरोलीत पांढरं कापड तयार व्हायचं, पण पांढरं राहायचं नाही. गल्लीच्या एका अंगाला लूमचे शेड होते आणि पलीकडे पांडेसऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या. वारा फिरला की चिमण्यांची काजळी पत्र्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, उघड्या राहिलेल्या भातावर येऊन बसायची. आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवीसारखा तुकडा. भिंतीपलीकडे लूम चालायचे, त्यामुळे घरातली भांडी फळीवर सदा थोडी थरथरत असायची. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली होती की लाइट जाऊन लूम थांबले, की झोपलेली माणसं दचकून उठायची आणि एकमेकांना विचारायची, काय झालं? आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच शेडमध्ये कारीगर होते. दिवसभर लूमच्या आवाजात उभं राहून त्यांना मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. घरात मीठ मागायचं तरी गल्लीला कळायचं. माय मात्र हळू बोलायची, आणि घरात चालायचं तिचंच.

खानदेशातून आलेल्या बाईला सुरतेत दोन गोष्टींचं दुःख असायचं. पहिली म्हणजे बाजारातली भरताची वांगी, आणि दुसरी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे वाळवणाचे पापड. वांग्यांवर काही इलाज नव्हता. बिबड्या मात्र घरच्याच लागत. ज्वारी भिजत घालायची, कांडायची, मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ घालून तिचा घट्ट घाटा शिजवायचा, आणि तो गरम असतानाच ओल्या हातानं कापडावर गोल थापत जायचं. तळहात भाजून लाल व्हायचे, पण बायका हसत असायच्या. आम्ही पोरं तो घाटा वाटीत घेऊन वर कच्चं तेल ओतून खायचो. आता सूनबाई मला डॉक्टरांचं नाव सांगून तेल मोजून वाढते, तेव्हा त्या वाटीची आठवण हटकून येते. बिबड्या वाळत आल्या की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, म्हणजे त्या अलगद सुटून हातात येतात. एका घरच्या बिबड्या म्हणजे एका बाईचं काम नव्हेच. गल्लीतल्या बायकांची बारी ठरलेली असायची. आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या.

पण वाळवायच्या कुठे? पत्र्यावर घातल्या की काजळी. पहिल्या वर्षी मायनं पत्र्यावरच वाळवल्या आणि गावी आत्याकडे पाठवल्या. आत्यानं निरोप धाडला की यंदा तीळ फार घातलेस. तीळ नव्हतेच ते. मायला हे इतकं लागलं की पुढच्या उन्हाळ्यात तिनं तिच्या मावसभावाला, सुपडू मामाला गाठलं. सुपडू मामा शहराबाहेर समुद्राच्या बाजूला एका पटेलाच्या शेतावर राखणदार होता. तिथे एक लांबलचक पडीक शेत होतं, खारं, सपाट, गवतही धड न उगवणारं. मामा म्हणाला, "ये ना बहीन. आठे ना काजयी, ना धूर. कावया तेवढा शेतस." कावळे तर गावीही होते. त्या वर्षापासून आमची गल्ली उन्हाळ्यात पहाटे टेम्पोत बसून बिबड्या करायला जाऊ लागली. पातेली, लाकडं, पाण्याचे पिंप, भिजवलेली ज्वारी, लहान पोरं, सगळं त्या टेम्पोत. वाटेत उधन्याला चहा.

त्या शेताच्या पुढे, बाभळीच्या रांगेपलीकडे, विमानांची एक धावपट्टी होती. सरकारी होती की कुण्या कारखान्याची, हे आम्हाला कधी कळलं नाही. कुंपण मोडलेलं होतं आणि पट्टीवर बकऱ्या हिंडायच्या. अधूनमधून कुणा शेठलोकांचं छोटं विमान यायचं. तेव्हा मामाच्या ओळखीचा एक पहारेकरी काठी घेऊन बकऱ्या हाकायचा. विमान आलं की आम्ही पोरं हात हलवायचो आणि बायका मान वर न करता थापत राहायच्या. आता माझ्या घरावरून दिवसातून कितीतरी विमानं जातात, मोठी मोठी, आणि कुणीच वर बघत नाही. मी बघते.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात माझी दहावीची परीक्षा संपली होती आणि मोठ्या बहिणीचं, आक्काचं, लग्न ठरलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की गावी जाऊन लग्न. रुखवतात बिबड्यांचा डबा जाणार, तोही असा की सासरच्यांनी बघत राहावं, हे मायनं मनाशी पक्कं केलेलं. सुरतेत प्लेग आला आणि आम्ही गाठोडी बांधून गावाकडे पळालो ते यानंतरचं, तेव्हा घरात अजून तसली कुठलीच भीती नव्हती. उलट आप्पा फार खुशीत होते. लग्नाचं कळल्यावर त्यांच्या शेठनं त्यांना एक डॅमेज ताका, कापडाचा अख्खा तागाच, दिला. मधे मधे तार तुटल्याच्या रेघा, बाकी अख्खा ताका पांढरा शुभ्र, चकचकीत. आमचं सुरतेचं कापड सुताचं नव्हे. पण बिबड्या त्यावरून धोतरापेक्षा लवकर सुटतात, हा शोध गल्लीत आधीच लागलेला होता. इतर वर्षी जुनी धोतरं, विटलेली लुगडी, कुणाची फाटकी चादर असं जोडून जोडून अंथरावं लागायचं. मायनं ताका उलगडून पाहिला आणि म्हणाली, कापायचा नाही. एकसंध अंथरायचा.

आणि तसाच अंथरला. शेताच्या मधोमध, या टोकापासून पार त्या टोकाकडे. आप्पांनी त्या दिवशी रजा काढली होती. त्यांनी एका टोकाला बसून एक डोळा मिटून सरळ रेघ पाहिली, मला "डावीकडे, अजून डावीकडे" असं ओरडून ओरडून कापडाची कड सरळ करायला लावली, आणि दगड ठेवून ते ताणून बसवलं. सूत वाकडं गेलं की त्यांना झोप लागत नसे. ऊन चढलं तसं ते कापड असं लखलखू लागलं की डोळे बारीक करावे लागले. आमच्या शेजारच्या शांताबाई परभणीकडच्या. त्या आमच्या बिबड्यांना नावं ठेवायच्या, पण टेम्पोत सगळ्यात आधी चढायच्या. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय की माय, हे तर लग्नाआधीच पायघड्या घातल्या!" सगळ्या हसल्या. मायही हसली. तिला त्या दिवशी इतकं खूश पाहिलेलं मला आठवतं, म्हणून हे इथे लिहून ठेवते.

दुपारपर्यंत निम्मा ताका बिबड्यांनी भरला. बायका मामाच्या झोपडीच्या सावलीत भाकरी खायला बसल्या आणि कावळे हाकायचं काम आमच्याकडे आलं. मी एका टोकाला छत्री घेऊन, आणि गल्लीतली बारकी पोरं कापडाच्या दोन्ही बाजूंनी हातात चिंध्या घेऊन पळत होती. कावळे हाकणं कमी आणि शिवाशिवी जास्त. विमान आलं ते आधी कुणालाच कळलं नाही, कारण त्याला आवाजच नव्हता. एरवी लांबून घरघर यायची. या वेळी दोनतीनदा खोकल्यासारखं काहीतरी झालं आणि पुढे नुसता वारा कापल्याचा सूं असा आवाज. मी मागे वळून पाहिलं तर ते आमच्या शेताच्या रेघेत, अगदी सरळ, पार खाली आलेलं. पंखा पुढे नुसता उभा. एवढं मोठं काहीतरी इतक्या शांतपणे येताना मी तोवर पाहिलं नव्हतं. पोरं ओरडायची सोडून बघत राहिली. मग त्याचा एक पंख एकदम कलला, ते डावीकडे वळलं, आमच्यावरून नाही तर बाजूनं गेलं, आणि बाभळींच्या पलीकडे खाजणात शिरलं. शेडचा पत्रा उचकटून पडावा तसा आवाज झाला. नंतर काहीच नाही. कावळेसुद्धा उडून गेले होते.

पहिली पळाली ती माय. हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. आप्पा आणि मामा तिच्या मागून. विमानात एकच माणूस होता, तरुण, पांढरा शर्ट घातलेला. तो शुद्धीवर होता आणि सारखं "आग नहीं है, आग नहीं है" असं म्हणत होता, आम्हाला सांगत होता की स्वतःला कुणास ठाऊक. त्याचा डावा पाय पत्र्यात सापडला होता. मामानं पहारीनं पत्रा वाकवला आणि दोघांनी त्याला ओढून बाहेर काढलं. त्या पायाविषयी मी लिहिणार नाही. त्याला उचलून नेणार कशात? माय मागे वळली, शेतात आली आणि तिनं ताका ओढायला सुरुवात केली. ओल्या बिबड्या त्यावर तशाच होत्या, थापलेल्या, काही अर्ध्या वाळलेल्या. तिनं एकदाही खाली पाहिलं नाही. कापडाचा पदरावर पदर घालत तिनं जाड झोळी केली, चार बायकांनी चार कोपरे धरले, आणि त्या माणसाला त्यात घालून टेम्पोपर्यंत आणलं. घाटा, तीळ, रक्त सगळं त्या कापडात एक झालं. टेम्पोत त्याचं डोकं मायच्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारातून त्याला कापडासकट आत नेलं. ताका गेला, बिबड्या गेल्या, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. वाटलं ते परतताना.

रिकाम्या टेम्पोत सगळ्या बसल्या होत्या. शांताबाई मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. त्या म्हणाल्या, "काय की माय, त्याला ते कापडच धावपट्टीवानी दिसलं आसंल. किती सरळ आलतं बघा ना." मला दिसलं की मायचा हात थांबला. ती मांडीवरचा वाळलेला घाटा नखानं काढत होती, तो हात तिथेच राहिला.

नंतरचे दिवस घर सुनं सुनं होतं. लूम चालू होते, भांडी थरथरत होती, माय सैपाक करत होती. पण ताटावर बसली की दोन घास चिवडून उठायची. ती त्या तरुण माणसाबद्दल रोज विचारायची, आणि सुपडू मामा ऐकीव बातम्या आणायचा. पाय कापला म्हणे. जिवाचा धोका टळला म्हणे. धावपट्टीवर साहेब लोक येऊन मोजमाप करून गेले, पण आमच्याकडे कुणी काही विचारायला आलं नाही. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलून सांगितलं, "कोनले काई सांगू नको. पोरनं लगीन शे." त्यांची भीतीही खोटी नव्हती. पोलिसात नाव गेलं, व्याह्यांच्या कानावर गेलं, तर लग्न मोडायला कितीसा वेळ? आक्का कोपऱ्यात बसून नव्या पातळांना फॉल लावायची आणि सुईत दोरा ओवता ओवता रडायची. गल्लीतल्या बायका आल्या, म्हणाल्या, दुसरी ज्वारी भिजत घालू, आमची धोतरं आहेत, एका दिवसात डबा भरून देतो. मायनं मान हलवली. "मना हातनी बिबडी कोन खाई?" एवढंच म्हणाली. मला तेव्हा तिचा राग आला. लहान पोरांना वाटतं, मोठ्या माणसांनी दुःख लवकर आवरावं.

गावी जायची तिकिटं काढून झाली. उधन्याहून भुसावळ पॅसेंजरनं जायचं, दुसऱ्या दिवशी गावी हळद. निघायच्या सकाळी माय उठली, न्हाली, चांगलं लुगडं नेसली आणि मला म्हणाली, चल. आप्पांनी विचारलं कुठे, तर म्हणाली, दवाखान्यात. आप्पा दारात आडवे उभे राहिले. ती भांडली नाही. दोन्ही हात त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "या हातसनी पोरले हयद कशी लावू? इचारी येसू, मंग लावसू." आप्पा बाजूला झाले. कुणी ओरडलेलं त्यांना झेपायचं, हे पुढे धरलेले हात नाही झेपले.

खासगी दवाखाना होता, फरशी इतकी गुळगुळीत की माय चप्पल हातात घेऊन चालली. नर्सनं अडवलं. मी गुजरातीत सांगितलं की आम्हीच त्यांना शेतातून आणलं. आतून आवाज आला, आने दो. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. दाढी वाढली होती. पांघरुणाखाली एका बाजूला पायाचा उंचवटा होता आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याच्या खाली पांघरूण सपाट होतं. मायनं आधी तिकडेच पाहिलं, लपवून नाही, सरळ. त्यानं तिला ओळखलं आणि हात जोडले. तिनं जोडले नाहीत. तिला आधी विचारायचं होतं. मी मधे पडणार तोच ती स्वतःच तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "साब, वो सफेद कपडा मेरा था. तुमने उसको रस्ता समझा क्या?"

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "नहीं माँजी. रनवे तो मुझे आगे दिख रहा था. इंजन बंद हो गया था, वहाँ तक पहुँचना मुश्किल था. नीचे आपका खेत था, एकदम सपाट. सोचा, वहीं उतार दूँ. फिर देखा बच्चे दौड़ रहे हैं. तो मोड़ दिया."

मी सुटकेचा श्वास टाकला. मला वाटलं, झालं, आता उठावं. पण माय हलली नाही. तिनं पुढचं विचारलं, जे विचारायची मला छाती झाली नसती. "हम लोग नहीं रहते तो?"

तो "नाही, तरी पडलंच असतं" असं म्हणू शकला असता. त्यात त्याचं काही जात नव्हतं. खिडकीकडे बघत तो म्हणाला, "तो उतर जाता."

खोलीत पंखा फिरत होता. त्याचं खरं बोलणं मायला लागलं असणार, पण तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. उलट कितीतरी दिवसांनी ती समोरच्या माणसाच्या डोळ्यात बघत होती. मग ती माझ्याकडे वळून आपल्या बोलीत म्हणाली, "इचार त्याले, उतराले कितली जागा लागस?" मी विचारलं. त्याला हसू आलं. हे काय विचारते ही बाई, असं झालं असणार. त्यानं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, लांबी तर होतीच तिथे. रुंदीला एक सडक एवढी जागा असली तरी पुष्कळ. मायनं त्याच्या पसरलेल्या हातांकडे नीट पाहिलं, मान हलवली, आणि मग तिनं हात जोडले. निघताना त्याच्या केसांवरून हात फिरवला.

घरी आल्यावर आप्पांनी डोळ्यांनीच विचारलं. ती म्हणाली, "मनी चूक नही शे. पन पाय मनामुये ग्या." आप्पांना हे काही उमजलं नाही, त्यांना पहिलं वाक्य पुरेसं होतं. मलाही तेव्हा वाटलं की दोन्हीतलं एक काहीतरी खरं असणार. आज मी मायच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे आणि दोन्ही खरं असू शकतं हे मला आता कळतं. दुसऱ्या दिवशी गावी तिनं आक्काला हळद लावली. रुखवतात बिबड्या नव्हत्या. व्याहीण बोलली, ती पुढे कितीतरी वर्षं बोलत राहिली, आणि मायनं एकदाही तिला कारण सांगितलं नाही.

पुढचा उन्हाळा आला. मधे प्लेगची पळापळ होऊन गेली होती, गल्लीतली काही घरं परतलीच नव्हती. बिबड्यांचा विषय मायपुढे काढावा की नाही, यावर बायकांमध्ये कुजबूज चालली होती. तोवर एका सकाळी मायनंच ज्वारी भिजत घातली. टेम्पो शेतावर पोचला तेव्हा सगळ्यात आधी उतरली तीच. जुनी धोतरं आणि लुगडी घेऊन ती शेताच्या कडेला गेली आणि बांधाच्या अगदी लगत एक रांग अंथरली. मग शेत ओलांडून पलीकडच्या बांधालगत दुसरी. मधलं सगळं शेत रिकामं. शांताबाईंनी सवयीप्रमाणे मधोमध आपली चादर टाकली, तर मायनं ती उचलून त्यांच्या हातात दिली. "मधमा कोनी काई घालानं नही. पोऱ्यासनी बी मधमा खेयानं नही."

"अहो बाई," शांताबाई म्हणाल्या, "आता काय रोज रोज इमान पडाया बसलंय व्हय इथं?"

"पडाले नही वं," माय म्हणाली. "उतराले."

मग तिनं पदर खोचला, आणि मधल्या मोकळ्या जागेतले दगड वेचून ओट्यात घेत घेत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.